पारदर्शक भ्रूणात वाढणाऱ्या रक्तवाहिन्या

सकाळी प्रयोगशाळेतील दिवे लागतात, टाकीत नर आणि मादी यांच्यामध्ये रात्रभर ठेवलेला आडपडदा काढला जातो आणि थोड्याच वेळात तळाशी अंडी जमू लागतात. झेब्राफिश हा मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील मासा. त्याचे अंडे जेमतेम 0.7 मिलिमीटरचे असते आणि फलनानंतर पाऊण तासातच त्यातील पेशीचे पहिले विभाजन होते. त्यामुळे पुढचे काम घाईने, पण अतिशय स्थिर हाताने करावे लागते.

अगारोज या जेलीसारख्या पदार्थाच्या खाचांत अंडी ओळीने मांडली आहेत. काचेची बारीक सुई कवच भेदून आत जाते आणि सुमारे एक नॅनोलिटरचा लालसर थेंब बलकात पसरतो. लाल रंग केवळ खुणेपुरता आहे. थेंबातील मॉर्फोलिनो ही साधारण 25 घटकांची कृत्रिम साखळी ठरावीक जनुकाच्या संदेशवाहक आरएनएला चिकटते आणि त्यापासून प्रथिन बनू देत नाही. जनुक शाबूत राहते, त्याचा निरोप मात्र अडतो. आयदास नासेविशियस आणि स्टीफन एकर यांनी 2000 साली ही पद्धत झेब्राफिशमध्ये रुजवली.

या वाणात रक्तवाहिन्यांच्या पेशी हिरव्या चमकतात. एका दिवसाच्या भ्रूणात महाधमनीतून निघालेली एकेक पेशी बारीक तंतू पुढे सारत, चाचपडत पाठीकडे चढते आणि वर पोहोचल्यावर शेजारणीशी जोडली जाते. व्हीईजीएफ-ए हे रक्तवाहिन्यांना वाढण्याचा संकेत देणारे प्रथिन अडवलेल्या भ्रूणात या चढत्या वाहिन्या दिसत नाहीत. उंदरात या प्रथिनाच्या जनुकाची एक प्रत गमावली तरी भ्रूण गर्भाशयातच दगावतो. झेब्राफिशचा भ्रूण मात्र पाण्यातून थेट प्राणवायू मिळत असल्याने काही दिवस जगतो आणि आपल्याला पाहू देतो.

कर्करोगाच्या गाठीही याच प्रथिनाच्या आधारे रक्तपुरवठा मिळवतात.

तरीही मॉर्फोलिनोच्या निष्कर्षांची पडताळणी अत्यावश्यक आहे. ईजीएफएल7 जनुक मॉर्फोलिनोने अडवल्यावर वाहिन्यांची पोकळी नीट तयार होत नव्हती. 2015 साली जर्मनीतील बाड नाउहाइम येथील संशोधकांनी तेच जनुक डीएनएमध्ये निकामी केले, तेव्हा ठळक दोष दिसला नाही, कारण एमिलिन गटातील जनुकांनी आपले काम वाढवून उणीव भरून काढली होती. म्हणूनच आता तोच थेंब जनुक निकामी असलेल्या भ्रूणातही टोचून पाहतात: तेथे अडवण्याजोगा संदेश उरलेला नसताना नवा दोष दिसला, तर तो त्या जनुकामुळे आला असे मानता येत नाही.