बाप कोणत्या कोपऱ्यात?

[दृश्य: लास वेगास, एमजीएम ग्रँड. ५ मे २००७. प्रेक्षकांवरून फिरणारा कॅमेरा.]

बॉक्सिंगच्या सुपर वेल्टरवेट वजनगटाची जागतिक अजिंक्यपदाची लढत. एका कोपऱ्यात ऑस्कर दे ला होया, दुसऱ्या कोपऱ्यात फ्लॉइड मेवेदर ज्युनियर. ट्रेनर लढतीत आपल्या बॉक्सरच्या कोपऱ्यात असतो. २००१ पासून ऑस्करला घडवणारा ट्रेनर मात्र दोन्हीकडे नाही. तो प्रेक्षकांत बसलाय. त्याचं नावही फ्लॉइड मेवेदरच, पण सिनियर. ऑस्करच्या समोर उभ्या असलेल्या पोराचा सख्खा बाप.

[दृश्य: ग्रँड रॅपिड्स, मिशिगन. जुनी छायाचित्रं.]

मेवेदरांच्या घरात ठोसेबाजी वाडवडिलांच्या धंद्यासारखी. तिघे भाऊ बॉक्सर. थोरला फ्लॉइड १९७८ मध्ये शुगर रे लेनर्डशी लढला आणि दहाव्या फेरीत हरला. त्याच सुमारास एका कौटुंबिक भांडणात त्याच्या पायाला गोळी लागली. त्या वेळी वर्षभराचं पोर, म्हणजे धाकटा फ्लॉइड, त्याच्या हातात होतं. त्या पोरामुळे आपण वाचलो, असं तो स्वतःच सांगत आलाय. हे ऐकून कौतुक करावं की कपाळावर हात मारावा, कळत नाही.

मधला भाऊ रॉजर दोन वजनगटांत जगज्जेता झाला. धाकटा जेफही व्यावसायिक बॉक्सर.

पोराच्या हातात ग्लोव्हज पहिल्यांदा चढवले ते बापानं. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये पोरानं कांस्यपदक जिंकलं, तेव्हा बाप अमली पदार्थांच्या गुन्ह्यात तुरुंगात होता. त्याच वर्षी पोरगा व्यावसायिक झाला आणि कोपरा सांभाळला काकानं, रॉजरनं. १९९८ मध्ये बाप सुटला, पुन्हा कोपऱ्यात आला, आणि त्याच ऑक्टोबरात जेनारो हर्नांडेझला हरवून पोरगा पहिल्यांदा जगज्जेता झाला. वय २१.

गोष्ट इथं थांबली असती तर गोड होती. पण २००० मध्ये पोरानं बापाला आधी मॅनेजरपदावरून काढलं, मग ट्रेनर म्हणूनही. काका परत आला. म्हणजे भावाची जागा भावानं घेतली. भाऊबंदकी पेटायला आणखी काय लागतं?

[दृश्य: जिममधला सराव. मंद गतीत.]

बापानं काय दिलं आणि काकानं काय, हे नीट बघितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. धाकट्या फ्लॉइडचा डावा हात कमरेपाशी, डावा खांदा हनुवटीला टेकलेला, उजवा पंजा गालाशी. समोरच्याचा उजवा ठोसा येतो, खांद्यावरून निसटतो, आणि त्याच क्षणी याचा उजवा हात सुटतो. हा बचाव बापाकडचा. काकाची ओळख वेगळी: हातात ठोसे झेलायचे पॅड, पंजे सतत हलते, आणि त्यावर पुतण्याच्या ठोशांचा ताशासारखा कडकडाट. काकाची मायाही धसमुसळी. एप्रिल २००६ मध्ये समोरच्या झॅब जुडानं दहाव्या फेरीत पुतण्याला कमरेखाली आणि मानेमागे ठोसे मारले, तर काका सरळ रिंगमध्ये शिरला. दोन लाख डॉलर दंड आणि परवाना वर्षभर निलंबित.

आणि मग ऑस्कर विरुद्ध धाकटा फ्लॉइड, ही लढत ठरली. आता बाप काय करणार?

थोरल्यानं किंमत सांगितली: २० लाख डॉलर. तेवढे मिळाले तर पोराविरुद्ध ऑस्करच्या कोपऱ्यात उभा राहीन. ऑस्करनं नाही म्हटलं आणि दुसऱ्या ट्रेनरला, फ्रेडी रोचला, बोलावलं.

या आकड्यावर मी बराच विचार केलाय. त्या लढतीतून ऑस्करनं पाच कोटींहून जास्त डॉलर कमावले. २० लाख त्याला जड नव्हते. मला वाटतं, पोराचा बाप आपल्या कोपऱ्यात हवा की नको, हेच त्याचं ठरत नसावं. आणि थोरल्यानंही आकडा मुद्दाम फुगवला असेल, म्हणजे नकार समोरूनच येईल. हा माझा अंदाज. पैशाचाच हिशेब असेल, तर तोही या घराला शोभणारा.

वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात. २४ लाख घरांनी पैसे मोजून ही लढत पाहिली, आणि तो राखलेला डाव ऑस्करला मिळालाच नाही.

[दृश्य: लढतीची छायाचित्रं.]

ऑस्कर मुळात डावखुरा, पण उजव्या हाताच्या बॉक्सरसारखा उभा राहणारा. म्हणून त्याचा डावा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, जबर. सुरुवातीला तो जॅब धाकट्याला मागे रेटत होता. मग तो कमी कमी होत गेला. ऑस्करनं ५८७ ठोसे फेकले, लागले १२२. धाकट्यानं ४८१ फेकले, लागले २०७.

तीन पंचांपैकी दोघांनी धाकट्याला कौल दिला, ११६–११२ आणि ११५–११३. तिसऱ्यानं ऑस्करला, ११५–११३. लढतीनंतर बापाला विचारलं, तर तो म्हणाला, ऑस्कर जिंकला.

[दृश्य: २००८–०९ ची छायाचित्रं.]

त्यानंतर थोरला पुन्हा ऑस्करकडे गेला. मग पोरानं हरवलेल्या रिकी हॅटनला त्यानं शिकवायला घेतलं. मे २००९ मध्ये फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओनं हॅटनला दुसऱ्याच फेरीत आडवं केलं. पॅकियाओच्या कोपऱ्यात होता फ्रेडी रोच.

रॉजरला मधुमेहानं पोखरलं, तसा २०१३ मध्ये बाप पोराकडे परतला. ४ मेची ती लढत रॉबर्ट गेरेरोशी होती. गेरेरोला शिकवत होता त्याचा बाप, रुबेन. दोन्ही कोपऱ्यांत बापच.

दोन वर्षांनी, २ मे २०१५ ला, पॅकियाओ समोर आला आणि त्याच्याबरोबर रोचही. या वेळी तिन्ही पंचांचा कौल धाकट्याला मिळाला: ११८–११०, ११६–११२, ११६–११२. रॉजर मार्च २०२० मध्ये वारला, वयाच्या ५८ व्या वर्षी. पुतण्या तोवर ५० पैकी ५० लढती जिंकून निवृत्त झाला होता. त्यांतल्या बहुतेक लढती काकाच्या कोपऱ्यातून, शेवटच्या बापाच्या.