अंगणातली सदाफुली

(कोकणातलं अंगण. तुळशीवृंदावनाशेजारी सदाफुलीचं झुडूप.)

ना खत, ना निगा, तरी बारा महिने फुललेली. इतकी कडू की गुरं तोंड लावत नाहीत. माणसं मात्र सकाळी अनशापोटी चार पानं चावतात. साखर उतरते म्हणे. आणि घरात कुणाला कॅन्सर निघाला की याच पानांचा काढा उकळू लागतो. ‘अहो, कॅन्सरचं औषध हिच्यापासूनच तर करतात,’ असं सांगणारं कुणीतरी गावात भेटतंच.

गंमत म्हणजे, सांगणारा खोटं बोलत नसतो.

(जुनी छायाचित्रं. प्रयोगशाळा.)

सदाफुली मूळची मादागास्करची. जमैकात लोक मधुमेहावर तिचा चहा प्यायचे. 1952 साली तिथली 25 पानं पाकिटातून कॅनडात आली आणि डॉ. रॉबर्ट नोबल यांच्या हाती पडली. त्यांनी अर्क उंदरांना पाजला. काहीच झालं नाही. मग टोचला. साखर तरीही हलली नाही, पण उंदीर जंतुसंसर्गानं मरू लागले, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या होत्या. त्याच धाग्यावरून 1958 पर्यंत नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी पानांतून विनब्लास्टिन हे कॅन्सरवरचं औषध वेगळं काढलं. पाठोपाठ विनक्रिस्टिन आलं. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते आजही देतात.

पाजला तेव्हा काही नाही, टोचला तेव्हा परिणाम. गोष्टीचा हा अर्धा भाग काढ्याच्या पातेल्यापर्यंत पोचलेलाच नाही.

(वॉर्ड. सलाइनची नळी. नर्सचे हात.)

मोठ्या माणसालाही विनक्रिस्टिन एका वेळी सहसा 2 मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. चिमटीतही येणार नाही, एवढंसं. शिरेबाहेर सांडलं तर मांस जळतं. पातेल्यात किती उतरलं, ते कोण मोजणार?

(परळ. टाटा रुग्णालयाबाहेरचा फूटपाथ.)

इथल्या पिशव्यांत फायलींच्या जोडीला बाटल्या असतात. गुळवेलीचा काढा, गव्हांकुरांचा रस. गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी छापली. आयुष मंत्रालयाला ती पटली नाही, वेल ओळखण्यात चूक झाली असेल असं त्यांचं म्हणणं. वाद राहू दे. पण किमोची बरीच औषधं याच यकृतातून जातात.

तरी काढ्याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. दोन किमोंच्या मधल्या दिवसांत घरच्यांच्या हातात असतं तरी काय? पानं तोडणं, उकळणं, गाळणं, तेवढंच.

(ओपीडी. टेबलावर बाटली. बाजूला सासू, मागे उभी सून.)

“आणखी काही घेता का?” या प्रश्नाला एरवी “नाही” असंच उत्तर येतं. आज सुनेनं बाटलीच काढून ठेवली. डॉक्टर झाकण उघडून वास घेतात.

“कसला हा?”

“सदाफुलीचा.”

“रोज किती?”

“अर्धा कप.”

“कधीपासून?”

सासूबाई खाली बघतात. “गणपतीपासून.”