हाक आणि ओ

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या शेजारच्या काकू परवा कुरकुरत होत्या. मुलगा डलासहून व्हिडिओ कॉल करतो. चित्र दिसतं, पण आवाज तुटतो. "आई, ऐकू येतंय का?" यातच निम्मा कॉल संपतो. नेटवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, स्पीड टेस्ट करून बघा. केली. शंभर एमबीपीएस आलं. मग तक्रार कसली?

आता काकूंना नळाचं पाणी कळतं. सकाळी सात वाजता नळ धो धो वाहतो म्हणून दिवसभर पाणी आहे असं आपण म्हणतो का? स्पीड टेस्ट म्हणजे सात वाजताचा नळ. अर्धा मिनिट बघायचं आणि खूश व्हायचं. माझा तिच्यावर काडीचाही विश्वास नाही. माझा विश्वास आहे पिंगवर.

पिंग म्हणजे काय, तर हाक. तुमचा संगणक दूरच्या संगणकाला हाक मारतो, तो ओ देतो. हाक आणि ओ यांत किती वेळ गेला, हे पिंग मोजतं. आणि हाक मारूनही ओ आलीच नाही, तर तेही मोजतं. पहिल्याला म्हणतात लेटन्सी, दुसऱ्याला पॅकेट लॉस. पुन्हा सांगतो: ओ यायला वेळ किती लागला आणि किती हाका वाया गेल्या. दोनच गोष्टी.

हा प्रोग्राम लिहिला माइक म्यूस या अमेरिकन गृहस्थानं, डिसेंबर १९८३ मध्ये. मेरीलँडमध्ये ॲबरडीनला अमेरिकन लष्कराची प्रयोगशाळा होती, तिथे तो नोकरीला होता. एका संध्याकाळी हजारेक ओळी लिहिल्या, असं त्यानंच सांगून ठेवलंय. नाव घेतलं पाणबुडीतल्या 'सोनार' नावाच्या यंत्रावरून. सोनारचा 'पिंग' आवाज पाण्यात जातो, समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो. पुढे कुणीतरी या नावाची आद्याक्षरं फोडून लांबलचक अर्थ लावला. आपल्याकडेही प्रत्येक गावाच्या नावाला अशी एक व्युत्पत्ती चिकटवलेली असतेच.

या म्यूसनं एक किस्सा लिहून ठेवलाय. युसेनिक्स या संगणकवाल्यांच्या संघटनेच्या एका परिषदेत त्याला कुणीतरी सांगितलेला. एका इमारतीतलं नेटवर्क मधूनच जायचं. तिथल्या माणसानं पिंग बोलक्या यंत्राला जोडलं, यंत्र ऑफिसातल्या स्टिरिओला जोडलं आणि आवाज मोठा केला. दर सेकंदाला "पिंग, पिंग, पिंग". मग तो इमारतभर एकेक जोडणी हलवत फिरला. जिथे आवाज थांबला, तिथे दोष.

हा किस्सा मी वाचला नसता, तर आमची वीट सापडली नसती.

कोणती वीट? सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत संगणकाचं काम बघत होतो. नेट आणि सर्व्हर वरच्या मजल्यावर, काउंटर खाली. रोज कधीतरी खालचे संगणक अडकायचे. पासबुक प्रिंटरमध्ये घातलेलं असायचं, दोन ओळी छापून व्हायच्या आणि सगळं ठप्प. रांगेतली माणसं माझ्याकडे अशी बघायची, जणू पैसे मीच खाल्ले! नेटवाल्यांचा मुलगा तीनदा येऊन गेला. तिन्ही वेळा स्पीड टेस्ट, तिन्ही वेळा "आमच्याकडून ओके, सर".

शेवटी मी खालच्या एका संगणकावरून वरच्या सर्व्हरला दिवसभर पिंग लावून ठेवलं. सेकंदाला एक हाक. प्रत्येक ओळीपुढे वेळ छापली जाईल एवढी सोय केली. संध्याकाळी बेरीज बघितली, तर हरवलेल्या हाका शेकडा दोन. दोन म्हणजे काहीच नाही, असं वाटतं ना? मलाही वाटलं. मग वेळा बघितल्या. सकाळी सव्वाअकरा ते साडेअकरा आणि दुपारी चार ते सव्वाचार. हरवलेल्या सगळ्या हाका या दोन पाव तासांत. एरवी दिवसभर एक ओ चुकलेली नाही.

सव्वाअकरा आणि चार! हो, बरोबर ओळखलंत. चहा.

चहा आमचे शिपाईमामा करायचे, मागच्या छोट्या खोलीत, विजेच्या शेगडीवर. खरा चहा, आलं ठेचून, कपबशीत. हल्ली कागदी कपात जे गरम पाणी मिळतं त्याला मी चहा म्हणत नाही, पण तो विषय वेगळा. मला वाटलं, शेगडी लावली की वायरिंगवर ताण येत असेल. एक दिवस मामांना गॅसवर चहा करायला लावला. नेट गेलंच. शेगडी निर्दोष सुटली. मग गणपतीला मामा चार दिवस गावी गेले. त्या चार दिवसांत चहा समोरच्या टपरीवरून आला, आणि पिंगमध्ये एकही ओ चुकली नाही. साहेब म्हणाले, "म्हणजे मामांनाच काढून टाकायचं की काय?" मामा आल्यावर कुणीतरी त्यांना ते सांगितलं. मामा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत, आणि माझ्या चहात साखरही नव्हती.

तेव्हा मला म्यूसचा किस्सा आठवला. विंडोजसारखीच लिनक्स ही एक संगणकप्रणाली, तिच्या पिंगमध्ये एक सोय आहे: डॅश ए लिहिलं की प्रत्येक ओ ला संगणक टुक् करतो. वार्षिक सभेचा कर्णा माळ्यावर पडला होता, तो संगणकाला जोडला. शनिवारी दुपारी शाखा बंद झाल्यावर सुरू केलं. टुक्, टुक्, टुक्. मी जिन्यापासून वायर धरत निघालो, सांधे हलवत. टुक्, टुक्. काही होईना. मामांना म्हटलं, "मामा, तुम्ही रोज करता तसा चहा करा. अगदी तसाच." मामांनी चहा केला, दार उघडलं, पायानं एक अर्धी वीट सरकवून दाराला लावली आणि दोन्ही हातांत ट्रे घेऊन बाहेर आले.

आवाज थांबला.

दाराला स्प्रिंग होती, ते आपोआप मिटायचं. ट्रे धरलेला माणूस दार कसं धरणार? म्हणून वीट. आणि वीट बसायची ती थेट उंबऱ्यावरून गेलेल्या आमच्या वायरवर. आत एक तार तुटायच्या बेतात होती. वजन पडलं की सुटायची, उचललं की परत टेकायची. मी वीट उचलली. दोन-तीन सेकंद शांतता, मग टुक्, टुक्. मामा म्हणाले, "एवढंच होतं होय? मग मला आधी विचारायचं की." खरं आहे. कुणी विचारलंच नव्हतं.

आता तुमच्या घराचं थोडक्यात. विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून पिंग लिहायचं, मग राउटरचा, म्हणजे घरात नेट वाटणाऱ्या डबीचा, पत्ता, मग डॅश टी. डॅश टी नाही लिहिलं, तर चार हाका मारून ते गप्प बसतं, आणि चार हाकांवरून काही कळत नाही. आधी राउटर, मग बाहेरचा पत्ता. चार वेळा आठ, मध्ये टिंब, हा गूगलचा पत्ता पाठ राहतो. राउटरलाच ओ चुकत असेल, तर दोष घरात आहे, नेटवाल्याशी भांडू नका. राउटर ठीक आणि बाहेर चुकत असेल, तर भांडा. पुन्हा सांगतो: आधी राउटर, मग बाहेर.

घरातला राउटर तारेवरून एक-दोन मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या एक-दोन हजारांशांत, ओ देतो. वायफायवर जरा जास्त आणि कमीजास्त. म्हणून महत्त्वाचं काम असेल तर तार लावा. राउटर टीव्हीच्या मागे कोंबून वर रेंज नाही म्हणून ओरडणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. अमेरिकेतून ओ यायला दोनशेच्या पुढे-मागे मिलिसेकंद लागले तर घाबरू नका. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर धरले, तरी जाऊन-येऊन सव्वाशे मिलिसेकंद नुसत्या प्रवासाचे. त्यावर कुणाचाच इलाज नाही. आकडा मोठा पण स्थिर असेल, तर बोलणं होतं. आवाज तुटतो तो आकडा उड्या मारतो तेव्हा आणि हाका हरवतात तेव्हा.

आणि काही संगणक मुद्दामच ओ देत नाहीत, तसं त्यांना शिकवलेलं असतं. ओ नाही म्हणजे मेला, असं लगेच धरू नका.

काकूंकडे मी रविवारी पिंग लावून आलो. राउटरच्या ओ चुकत होत्या, तेही रात्री साडेआठनंतरच, म्हणजे नेमकं मुलाच्या कॉलच्या वेळी. साडेआठला त्यांच्या घरी काय होतं, ते मी या वेळी काकूंनाच आधी विचारलंय. त्या आठवून सांगणार आहेत.

नमस्कार.