बांधालगतची चार तासं

मंडळी, आपल्या ख्रिस्ती मंडळीचा हंगामाचा सण, म्हणजे नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा दिवस, आठ दिवसांवर आला आहे. पुढच्या रविवारी देवळातल्या टेबलावर काय काय येणार हे तुम्हांला ठाऊकच आहे. पायलीभर बाजरी, तुरीची डाळ, लाल भोपळा, पायाला सुतळी बांधलेली कोंबडी, एखाद्या आजीने पदराखालून अलगद काढलेली चार अंडी. उपासना संपली की लिलाव होईल आणि ती चार अंडी पाचशे रुपयांना जातील. तो आनंद खरा आहे, तो तसाच राहू द्या. आज बोलायचं आहे ते त्या टेबलाभोवती हल्ली फार ऐकू येणाऱ्या 'समृद्धी' या शब्दाबद्दल.

मोबाइलवर रोज एखादा उपदेशक सांगत असतो, विश्वासाने हजार रुपयांचं बीज पेरा, प्रभू शंभरपट देईल. खाली खाते क्रमांक दिलेला असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ही शिकवण जोमाने वाढली, रेडिओ आणि टीव्हीवरून जगभर गेली, आणि आता गावातल्या पारापर्यंत पोहोचली आहे. २०१० साली केपटाउनला जगभरच्या मंडळ्यांचे प्रतिनिधी लोझान चळवळीच्या सुवार्ता परिषदेसाठी जमले होते. त्या परिषदेच्या जाहीरनाम्यात ही शिकवण पवित्र शास्त्राला धरून नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. पण त्यासाठी केपटाउनला जायची गरज नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही कुणब्याला विचारा, बियाणं ज्याच्या रानात पडतं, पीक त्याच्या घरी जातं.

सोयाबीन पेरण्याआधी आपण उगवण तपासतो. पिशवीतले शंभर दाणे मोजून घेतो, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडतो, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवतो, ओल टिकवतो, आणि पाच-सात दिवसांनी कोंब मोजतो. सत्तर उगवले तर नेहमीचं बियाणं, कमी उगवले तर एकरी जास्त, फारच कमी तर ती पिशवी परत. कुणी शास्त्रातलं वचन पुढे करून पैसे मागितले तर त्याचीही अशीच तपासणी करा. वचन कुणाला उद्देशून आहे, त्याच्या मागची-पुढची पाच वचनं काय सांगतात, आणि ज्यांना ते सांगितलं त्यांचं पुढे काय झालं, एवढं पाहिलं तरी पुरतं.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ घ्या. तुमच्या हिताचे संकल्प मला ठाऊक आहेत, असं देव म्हणतो. हे वचन कॅलेंडरवर असतं, गाडीच्या काचेवर असतं. ते लिहिलं होतं बाबेलला धरून नेलेल्या कैद्यांना. त्याआधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो, दोन वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना ते गोड लागलं असणारच. यिर्मया म्हणतो, सत्तर वर्षं. आणि तोवर काय करायचं? घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, आणि ज्या नगरात तुम्ही आहात त्या नगराचं कल्याण पाहा, कारण त्याच्या कल्याणात तुमचं कल्याण आहे. तिथला मूळ हिब्रू शब्द शालोम. शांती, आरोग्य, भरलेलं घर, शेजाऱ्याशी नीट संबंध, सगळं त्या एका शब्दात येतं. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी आपल्या जालन्याजवळ बेथेल वसवलं. विश्वास धरल्यावर माणसाने राहायचं कुठे आणि पोट कशावर भरायचं, हा प्रश्न त्यांनी उपदेशाइतकाच महत्त्वाचा मानला. यिर्मयाचं ते पत्र त्या अंगाने वाचायचं असतं.

मलाखी ३:१० तर दशांशाच्या, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याच्या, दर उपदेशात येतं. सर्व दशांश भांडारात आणा, मी आकाशाच्या खिडक्या उघडतो की नाही पाहा. यातलं भांडार म्हणजे धान्याची कोठी. दशांश धान्याचा होता आणि तो लेव्यांच्या, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाच्या, पोटासाठी होता. नहेम्याच्या तेराव्या अध्यायात दिसतं की वाटा मिळेना म्हणून लेवी सेवा सोडून आपापल्या शेतांवर निघून गेले होते. शिवाय अनुवाद या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा होता, लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. आता मलाखीचीच पाच वचनं मागे जा. ३:५ मध्ये देव ज्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहतो त्यांत मजुराची मजुरी दाबणारे आणि विधवा-अनाथांना पिडणारे आहेत. दहावं वचन हजार वेळा ऐकलेल्या माणसाने पाचवं एकदाही ऐकलेलं नसतं, हे मला फार वाईट वाटतं.

गरीब विधवेने मंदिराच्या दानपेटीत टाकलेल्या दोन दमड्यांचा हिशेबही एकदा करून पाहा. मार्क सांगतो, दोन लेप्टा म्हणजे एक क्वाद्रान्स. एका दिनारात चौसष्ट क्वाद्रान्स, आणि दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. आज रोज चारशे रुपये धरला तर तिचं दान सव्वासहा रुपये होतं. तिची सगळी उपजीविका तेवढीच होती. दान देण्याच्या गोष्टीआधी, मार्क १२:४० मध्ये, येशू नियमशास्त्र शिकवणाऱ्या शास्त्र्यांबद्दल काय म्हणतो? ते विधवांची घरं गिळतात. या बाईची गोष्ट सांगून दुसऱ्या गरीब बाईच्या हातातलं शेवटचं काढून घेणं म्हणजे त्याच शास्त्र्यांच्या रांगेत जाऊन बसणं आहे.

आणि दुष्काळ. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. विहीर आटते तेव्हा ती कुणाचा विश्वास बघून आटत नाही. बाप धार्मिकांवर आणि अधार्मिकांवर सारखाच पाऊस पाडतो, हे येशूचे शब्द आहेत. तरी कर्जात बुडालेल्या माणसाला कुणीतरी सांगतं, तुझ्या प्रार्थनेत कमी आहे, तुझ्या घरात काही पाप लपलंय. त्याच्यावर आधीच सावकाराचं ओझं, त्यात आता देवाचंही. असं कधी कुणाला बोलू नका. अशा घरी गेलात तर हबक्कूकचा तिसरा अध्याय वाचा. शेतात अन्न पिकलं नाही, वाड्यात गुरं उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. हे त्याने रिकाम्या गोठ्याकडे पाहत म्हटलं आहे, गोठा भरेल अशी अट घालून नव्हे.

मग शास्त्रात समृद्धीचं माप कुठलं? लेवीयाच्या तेविसाव्या अध्यायात सणांची यादी आहे. त्यात सप्तकांचा सण येतो, म्हणजे नव्या गव्हाच्या भाकरी देवापुढे आणायचा, आपल्या हंगामाच्या सणाचाच थोरला भाऊ. एकविसाव्या वचनात त्या सणाचे नियम संपतात आणि बाविसाव्या वचनात लगेच येतं: शेताच्या कडा पुरत्या कापू नकोस, पडलेला सरवा वेचू नकोस, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. सणाच्या यादीत हे मध्येच कशाला? वेदीवरची भाकर आणि बांधावरचा सरवा देवाच्या हिशेबात एकाच पानावर आहेत, म्हणून.

सरवा हा शब्द आपल्याला पुस्तकातून शिकावा लागत नाही. ज्वारी काढल्यावर कणसं वेचायला कोण येतं, कापूस झाल्यावर बोंडं कोण चाचपतं, हे सगळ्यांना माहीत आहे. कड किती सोडायची हे मोशेच्या नियमशास्त्रात दिलेलं नाही. नंतरच्या यहुदी गुरूंनी मात्र किमान ठरवलं, साठावा भाग. आपल्या हिशेबात ते फार सोपं पडतं. तीन एकर म्हणजे १२० गुंठे, त्याचा साठावा भाग दोन गुंठे. शेत चौरस धरलं तर एका बांधालगत सहा फुटांचा पट्टा. सोयाबीन दीड फुटावर पेरलं असेल तर ती पेरणीची चार तासं, म्हणजे चार ओळी, होतात. एकरी आठ क्विंटल उतारा धरला तर त्या चार तासांत ४० किलो. शेतकरी त्याने बुडत नाही, आणि भूमिहीन बाईच्या घरात चाळीस किलो सोयाबीनचे पैसे म्हणजे मुलीची वह्या-पुस्तकं आणि दवाखान्याची एक खेप.

पण हे करायचं तर नीट करावं लागतं. पेरतानाच बांध ठरवा, नाहीतर काढणीच्या वेळी सगळ्यात किडका कोपरा 'देवाचा' होतो. हार्वेस्टरवाल्याला आधीच सांगा, तो विचारत बसत नाही, सरळ कडेपर्यंत घालतो. मळणीच्या तीन-चार दिवस आधी त्या घरी निरोप द्या, कारण शेंग तडकायला लागली की उभ्या पिकातलाच दाणा मातीत जातो. सरवा वेचून होईपर्यंत रानात गुरं सोडू नका. आणि त्या बदल्यात निंदणीचा एक दिवस फुकट मागू नका, तसं केलं तर ती मजुरी झाली, तीही कमी दराची. फोटोही काढू नका. रूथ नावाची परकी विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचायला आली, तेव्हा त्याने आपल्या गड्यांना दोन गोष्टी बजावल्या होत्या: तिला लाजवू नका, आणि पेंढ्यांमधून मुद्दाम थोडं ओढून टाका. त्या दिवशी रूथने झोडून मोजलं तर एफाभर जव निघाले. एफा म्हणजे साधारण बावीस लिटरचं माप, जव तेराएक किलो. एका दिवसाच्या वेचणीला हे भरपूर आहे. कुणीतरी हात सैल सोडला होता म्हणूनच ते झालं.

ज्यांना शेत नाही त्यांचा बांध मजुरीत आणि उधारीत असतो. अनुवादाचा चोविसावा अध्याय म्हणतो, रोजगाऱ्याची मजुरी सूर्य मावळायच्या आत दे, आणि कुणाचं जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नकोस, कारण ते त्याचं जीवनच गहाण घेणं आहे. आज जात्याच्या जागी शिलाई मशीन आहे, दुभती शेळी आहे, रिक्षा आहे. शेकडा तीनने पन्नास हजार घेतले तर महिन्याला पंधराशे, वर्षाला अठरा हजार व्याज. तीन वर्षांत चोपन्न हजार भरूनही मुद्दल तसंच उभं. मंडळीतलाच माणूस मंडळीतल्या माणसाला या दराने पैसे देत असेल आणि रविवारी दोघं एकाच प्रभुभोजनाला येत असतील, तर पाळकांनी आणि पंचांनी डोळेझाक करू नये.

त्याला उपाय आहे आणि तो मोठा नाही. पंधरा घरं, महिन्याला दोनशे रुपये, महिन्याचे तीन हजार, वर्षाचे छत्तीस हजार. कर्ज शेकडा एकने. असा गट बुडतो तो बहुतेक वेळा तीन कारणांनी. पहिलं कर्ज पंचांच्याच घरी जातं आणि मग इतरांकडे वसुली मागायला तोंड राहत नाही. नोंदी एकाच्याच वहीत आणि एकाच्याच घरी असतात. आणि हप्ता आठवड्याचा ठेवतात, जिथे घरात पैसा सोयाबीन विकल्यावर किंवा उसाची उचल मिळाल्यावरच येतो. म्हणून जमाखर्चाची वही दर बैठकीला मोठ्याने वाचा, आणि हप्ता पिकाच्या महिन्याला जोडा.

उचलीचं नाव निघालं म्हणून सांगतो. बीड, धाराशिव, जालन्यातून दिवाळीच्या आगेमागे जोडपी ऊसतोडीला कोयता घेऊन निघतात. नाताळ येतो तेव्हा कित्येक ख्रिस्ती घरांना कुलूप असतं आणि माणसं फडावर, पाचटाच्या कोपीत असतात. याकोबाच्या पत्रात कापणी करणाऱ्यांची दाबलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते, असं लिहिलं आहे. तोडणाऱ्या जोडप्याच्या नावावर किती टन लागले, उचलीतून किती फिटले, हे लिहून ठेवायला मंडळीतल्या शिकलेल्या पोरांनी मदत करावी. निघण्याआधी एक वही द्या, तारीख, गाडी, वजन एवढे तीनच रकाने. परत आल्यावर मुकादमाशी हिशेबाला बसताना ती वही कामाला येते.

देवळाच्या पेटीबद्दल थोडंच सांगतो. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी नेताना पौलाने एकट्याने पैसे हातात घेतले नाहीत, मंडळ्यांनी निवडलेले लोक बरोबर घेतले, कुणी दोष लावू नये म्हणून. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात हे आहे. लिलावाचे पैसे नात्यात नसलेल्या दोघांनी तिथेच मोजावेत, कुठल्या किती नोटा ते लिहावं, दोघांनी सही करावी, सोमवारी बँकेत भरावेत आणि पुढच्या रविवारी आकडा वाचून दाखवावा.

शेवटी पुढच्या रविवारसाठी एक विनंती. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, दान वेदीजवळ आणल्यावर आपल्या भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग येऊन अर्पण कर. कापणीला आलेल्या कुणाची मजुरी राहिली असेल, भावाच्या वाटणीत बांध दोन फूट सरकवला असेल, कुणाचं मंगळसूत्र तुमच्या कपाटात गहाण असेल, तर बाजरीची पायली टेबलावर ठेवून सरळ उठून जा. लिलाव दुपारी तीननंतर ठेवावा असं पंचांशी बोलून ठरवलं आहे. देऊळ संध्याकाळपर्यंत उघडं असेल, आणि टेबलावरचं कुणी हलवणार नाही.