टोमॅटो चोळलेला पाव

[दृश्य: शेतघराची ओसरी. ओवलेल्या टोमॅटोंचे झुबके.]

ईशान्य स्पेनमधला कातालोनिया प्रांत. उन्हाळा सरत आलाय आणि ओसरीवर टोमॅटो ओवायचं काम चाललंय. टोमॅटो लहान आहेत, रंगही लालभडक नाही, फिकट केशरीकडे झुकणारा. मंडईत दिसले तर कच्चे समजून आपण पुढे जाऊ. पण आजच्या पदार्थाचा सगळा जीव यांच्यातच आहे.

यांना इथे म्हणतात टांगायचे टोमॅटो. साल जाड, आणि फळ पिकण्याचा वेग मंदावणारा एक जनुकीय गुण यांच्यात मुळातच असतो. देठाशी दोरा गुंफून हवेशीर, सावलीच्या जागी टांगले की महिनोन्‌महिने टिकतात. जानेवारीच्या थंडीत शेतात टोमॅटोचं रोपही नसतं, तेव्हा घरात मात्र हे झुबके लटकत असतात. वर साल सुरकुतते, आत गर मऊ आणि रसाळ होत जातो.

[दृश्य: स्वयंपाकघर. पाव कापला जातोय.]

पदार्थाचं नाव ‘पा अंब तुमाकत’. पाव आणि टोमॅटो, बस्स.

पाव हवा तो खेड्यातला, मोठा, गोल, जाड कवचाचा. आतून जाळीदार, थोडा खरखरीत. कालचा असेल तर उत्तमच. जाडसर काप काढायचा आणि हवा तर निखाऱ्यावर भाजायचा. लसणाची हौस असेल त्यांनी सोललेली पाकळी कापावर एकदाच फिरवावी. जास्त नको, नाहीतर पुढचं काहीच लागत नाही.

आता टोमॅटो. आडवा चिरून दोन अर्धे करायचे आणि कापलेली बाजू पावावर दाबून चोळायची. नीट बघा: गर, रस, बिया सगळं पावाच्या जाळीत उतरतंय, हातात फक्त साल उरतेय. चकत्या रचल्या तर टोमॅटो पावावर नुसता बसून राहतो, दाताखाली दोघं वेगळेच लागतात. चोळला की दोघांची एकच चव होते. पुष्कळ खानावळींत वेळ वाचवायला टोमॅटो आधीच किसून ठेवतात आणि चमच्याने पसरतात. दक्षिणेत, आंदालुसियात, न्याहारीला तशीच रीत आहे आणि तिथे ती छानच लागते. पण इथे मला हाताने चोळलेलाच पाव खरा वाटतो.

वर चिमूटभर मीठ आणि ऑलिव्हच्या तेलाची सढळ धार. इथलं तेल बहुधा आर्बेकिना जातीच्या बारक्या ऑलिव्हचं, सौम्य आणि फळाच्या वासाचं. आधी मीठ की आधी तेल, यावर घराघरांत वाद आहेत. मी मीठ आधी घालणाऱ्यांच्या बाजूचा. ते टोमॅटोच्या रसात विरघळतं.

[दृश्य: जुन्या बार्सिलोनाची छायाचित्रं.]

टोमॅटो मूळचा अमेरिकेतला, सोळाव्या शतकात स्पेनमध्ये आला. एक गोष्ट इथे हौसेने सांगतात: 1920च्या दशकात बार्सिलोनाची मेट्रो खोदायला आग्नेय स्पेनमधल्या मुर्सियाहून आलेल्या मजुरांनी रुळांकडेला टोमॅटो लावले आणि वाळका पाव त्याच्या रसात भिजवून खाल्ला. गोष्ट गोड आहे, पण पाव-टोमॅटोचा लेखी उल्लेख 1884चा सापडतो, मेट्रोच्या बऱ्याच आधीचा. शिळा पाव वाया जाऊ नये, ही गरज मात्र त्या मजुरांची होती तशीच त्यांच्या आधीच्या शेतकऱ्यांचीही होती.

[दृश्य: जेवणाचं टेबल.]

सोबत काय? सुकवलेलं हॅम, बारीक सॉसेज, लेस्काला गावच्या खारवलेल्या अँकोवी (बारीक समुद्री मासे), नाहीतर बटाट्याचं जाड ऑम्लेट. काही ठिकाणी तयार पाव येतच नाही. भाजलेले काप, अख्खे टोमॅटो, लसूण, तेलाची बाटली आणि मीठ टेबलावर मांडतात, ज्याचा त्याने चोळून घ्यायचा. सोयही तीच आहे, कारण रस मुरला की पावाचा कुरकुरीतपणा काही मिनिटांतच जातो. चोळला, तेल सोडलं, की लगेच खायचा.