बॉल पायथनची पेटी: ऊब आणि ओल

श्रोतेहो, नमस्कार.

परदेशातल्या मराठी घरांत मुलं आता नुसता कुत्र्यामांजराचा हट्ट धरत नाहीत. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये दुकानात साप विकत मिळतो, आणि सहज मिळणाऱ्यांपैकी एक म्हणजे बॉल पायथन. ब्रिटनमध्ये यालाच रॉयल पायथन म्हणतात. बिनविषारी, चार-पाच फुटांचा, लाजाळू. घाबरला की डोकं मध्ये घेऊन वेटोळ्याचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. व्हिडिओ कॉलवर तो नातवाच्या गळ्यात दिसला की पुण्यातली आजी किंचाळते, ते साहजिकच आहे.

भारतातल्या श्रोत्यांना आधीच सांगून टाकतो. आपले नाग, धामण, अजगर घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी सायटिस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीत आहे, त्यामुळे इथे त्याची सरकारदरबारी नोंदणी लागते. तेव्हा पुढचं बोलणं मुख्यतः थंड देशांतल्या घरांसाठी.

हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन इथल्या गवताळ माळावर उंदरांच्या बिळांत नाही तर वारुळांत तो दिवस काढतो. बाहेर हरमॅटनचा कोरडा वारा वाहत असला तरी बिळात ओल टिकते. काचेच्या पेटीत आपल्याला नक्कल करायची आहे ती या बिळाची. माळावरच्या उन्हाची नव्हे.

आता गंमत अशी की ऊब आणि ओल ही दोन वेगळी कामं आहेत असं समजून लोक दोन वेगळी उपकरणं आणतात, आणि मग दोन्ही एकमेकांवर कुरघोडी करत बसतात. हवा तापली की तिची पाणी धरून ठेवण्याची ताकद वाढते. समजा खोलीत २० अंश सेल्सिअस तापमान आणि ५० टक्के आर्द्रता आहे. हीच हवा दिवा लावून ३२ अंशांपर्यंत नेली, वर पाणी काहीच घातलं नाही, तर आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास येते. पाणी कुठे गेलेलं नसतं, तरी हवा कोरडी झालेली असते. न्यू जर्सीच्या किंवा टोरांटोच्या जानेवारीत घरातली हवा हीटरनं आधीच सुकलेली. त्यात पेटीला वरून जाळीचं झाकण आणि जाळीवर दिवा. अशा पेटीत दिवसातून चार वेळा फवारणी केली तरी तासाभरात आर्द्रतेचा काटा परत खाली येतो.

बॉल पायथनला साधारण ६० ते ७० टक्के आर्द्रता मानवते. ती हवेत फवारून टिकत नाही, ती तळात साठवावी लागते. नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा तुकडे तीन-चार इंच जाड पसरा आणि पाणी कोपऱ्यांतून खाली ओता. खालचा थर ओला, वरचा कोरडा. ओल सावकाश वर येत राहते आणि सापाचं पोट मात्र कोरडं राहतं. पोटाखाली सतत चिखल असेल तर खवले सडतात. जाळीचा बराचसा भाग झाका, फक्त दिव्याखालचा आणि हवा खेळण्यापुरता मोकळा ठेवा. नव्यानं पेटी घेणार असाल तर काचेच्या टाकीपेक्षा पुढून उघडणारी पीव्हीसीची घ्या, निम्मा त्रास वाचतो. देवदाराचा भुसा मात्र नको, त्यातल्या तेलांचा सापाला अपाय होतो.

आता ऊब. पेटीची एक बाजू गरम, दुसरी थंड. गरम बाजूला दिव्याखाली ३१ ते ३३ अंश, थंड बाजूला २५ ते २७. साप स्वतःचं तापमान जागा बदलून राखतो; भक्ष्य गिळल्यावर उबेला सरकतो, पचन त्याच उबेवर चालतं. पण इथे एक मेख आहे. हा साप इतका भित्रा की लपायला जागा एकाच टोकाला असेल तर अंग तापलं तरी तो तिथून हलणार नाही. म्हणून लपायची खोपटी दोन हवीत, दोन्ही टोकांना एकेक, आणि अंग भिंतींना टेकेल इतकी घट्ट. हे स्वस्तातलं काम लोक विसरतात आणि महागडे दिवे बदलत बसतात.

रात्री लाल-निळे बल्ब नकोत. अंधारात ऊब द्यायची तर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर आहे. आणि काहीही लावा, हीट मॅट म्हणजे पेटीखालची तापणारी चटई असो की दिवा, थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरल्या तापमानाला वीज आपोआप तोडणाऱ्या उपकरणाशिवाय, लावू नका. मोकळी सोडलेली मॅट ४५ अंशांच्याही वर जाऊ शकते, आणि साप पोटाखालच्या चटक्यापासून वेळेवर सरकतोच असं नाही. भाजलेले साप डॉक्टरांकडे येतात ते बहुधा यामुळेच. गरम होणारे नकली दगड अजून विकले जातात, ते फुकट दिले तरी घेऊ नका. दिवा किंवा सिरॅमिक हीटर पेटीच्या आत असेल तर त्याला जाळीचा पिंजरा घाला, कारण साप त्याला विळखा घालायला कमी करत नाही. काटा फिरणारी गोल मापकं पेटीच्या भिंतीवर छान दिसतात, पण त्यांच्यावर विसंबू नका. वायरचं टोक असलेले डिजिटल मापक दोन घ्या, एकेका टोकाला, सापाच्या उंचीवर.

सगळं जमलंय का, हे कात सांगते. डोळे दुधाळ होतात, पुन्हा स्वच्छ होतात आणि काही दिवसांत कात एकसंध, मोज्यासारखी उतरते. तुकड्या-तुकड्यांत उतरली तर ओल कमी पडली. अशा वेळी एका डब्याला साप आत शिरेल एवढं भोक पाडून आत ओलं शेवाळ भरून पेटीत ठेवा. डोळ्यावरचा पापुद्रा राहिला तर नखानं काढायला जाऊ नका, ते डॉक्टरांचं काम. उलट टोक म्हणजे थंड आणि ओली पेटी, आणि तिचा धोका जास्त. श्वास घेताना घरघर, तोंडाशी बुडबुडे, मान वर करून उघडं तोंड, यातलं काही दिसलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरला त्याच दिवशी फोन करा.

आणि मुलांनो, साप आणायच्या आधी पेटी रिकामीच आठवडाभर चालू ठेवा. सकाळी, दुपारी आणि रात्री दोन्ही टोकांचे आकडे वहीत लिहा. बाहेर बर्फ पडला त्या रात्रीचा आकडा तर नक्कीच. आकडे स्थिर झाले की मग दुकानात जा.

नमस्कार.