नार्वाचे लाल मोजे

१७०० च्या आसपासच्या युरोपीय शिपायांच्या कोटांबद्दल मी आज बोलणार नाही. स्वीडिश निळा, इंग्रज तांबडा, फ्रेंच करडा-पांढरा, हे या सभागृहात सगळ्यांना पाठ आहे. माझी तक्रार कमरेखालची आहे. चित्रकार आणि सिनेमावाले कोटाच्या बटणापर्यंत अभ्यास करतात आणि पाय मात्र सरसकट पांढरे रंगवून मोकळे होतात. तो पांढरा रंग नेपोलियनच्या काळाचा. १७०० साली शिपाई गुडघ्यापर्यंतची विजार घालायचा, लांब लोकरी मोजे तिच्यावरून ओढून घ्यायचा आणि गुडघ्याखाली पट्ट्याने आवळायचा. पायाचा निम्मा भाग मोजाच असायचा, आणि तो रंगीत असायचा.

आता नार्वाच्या, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या, लढाईची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. नोव्हेंबर १७००. स्वीडनचा अठरा वर्षांचा राजा बारावा चार्ल्स स्वतःच्या चौपट रशियन फौजेवर चालून गेला. रशियाचा झार पीटर आदल्याच दिवशी छावणी सोडून गेलेला. हिमवादळ रशियनांच्या थेट तोंडावर, फळी फुटली, माणसं नदीकडे धावली, पूल मोडला. प्रिओब्राझेन्स्की आणि सेम्योनोव्स्की या दोनच पलटणी हलल्या नाहीत. गाड्यांची तटबंदी करून त्या अंधार पडेपर्यंत लढल्या. पुढे दंतकथा अशी, की गुडघाभर रक्तात उभे राहिले म्हणून त्यांना लाल मोज्यांचा मान मिळाला. मला ही कथा फार आवडते. त्या पलटणींचं शौर्य खरंच होतं. मोज्यांचं कारण मात्र मला पटत नाही. लाल मोजे तेव्हा कितीतरी सैन्यांत होते. फ्रेंच राजाच्या गार्डांचा कोट निळा, पण विजार आणि मोजे लालच. आणि रशियात त्या काळी चांगलं कापड पुरेसं विणलं जात नव्हतं. बाहेरून जे येईल ते अंगावर चढायचं.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली. मूळ मुद्दा भराभर सांगतो.

पायांचा रंग पलटणीच्या हिशेबातून ठरायचा. कपडे बहुधा कर्नल पुरवायचा, आणि मोजे कोटाच्या बाह्यांच्या किंवा अस्तराच्या रंगाशी जुळवण्याची रीत होती. फ्रेंच पायदळाचा करडा-पांढरा रंग म्हणजे जवळजवळ न रंगवलेली लोकर, सगळ्यांत स्वस्त. तांबडा मॅडर या वनस्पतीच्या मुळांचा. ती आपल्या मंजिष्ठेचीच युरोपीय बहीण. अधिकाऱ्यांचा झळझळीत लाल कोचिनील या किड्याचा, म्हणून महाग. स्वीडिश विजारींचा पिवळा पुष्कळदा कमावलेल्या चामड्याचाच असे. १७१८ साली चार्ल्सला गोळी लागली तेव्हाचे त्याचे कपडे स्टॉकहोमच्या शस्त्रागार संग्रहालयात आहेत, ते जाऊन बघाच.

पुरावा कुठे शोधायचा? पळून गेलेल्या शिपायांच्या जाहिरातींत. ‘लंडन गॅझेट’ या सरकारी पत्रात त्यांच्या कपड्यांचं वर्णन, मोज्यांसकट, छापून येई. माणूस पकडायचा असल्यामुळे तिथे सजवून सांगण्याचं कारणच नव्हतं. दरबारी चित्रापेक्षा मी या जाहिरातीवर जास्त भरवसा ठेवतो.

पुढच्या दोन-तीन दशकांत गेटर आले, म्हणजे मोज्यांवरून चढवायची गुडघ्यापर्यंतची, बटणांची कापडी आवरणं, आधी बहुतेक पांढरे, मग काळे. मोजे त्यांच्याखाली झाकले गेले आणि पलटणीचा रंग पायांवरून उतरला. तेव्हा १७०४च्या ब्लेनहाइमच्या लढाईच्या चित्रात सगळी रांग पांढऱ्या गेटरांत दिसली, तर चित्र कधी काढलंय ते आधी विचारा.